बोलीवर मिळालेली खोली

दिवा राहू दे चालू. ही गोष्ट अंधारातली नाहीच मुळी. जे घडलं ते भर दुपारी, खाली रस्त्यावर गाड्यांची ये-जा चालू असताना घडलं, आणि म्हणूनच ते कुणाला पटत नाही.

सासूबाईंच्या डोळ्याचा पडदा सुटला. दुसऱ्या डोळ्याची नजर आधीच अधू, त्यामुळे हाच काय तो त्यांचा आधार. मी पडदे शिवते, घरांचे, दुकानांचे. "जगाचे पडदे शिवतेस," त्या म्हणाल्या, "आणि घरातलाच सुटला बघ." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझ्याशी केलेली ही पहिलीच थट्टा. भांडण कधीच नव्हतं आमचं. फक्त दोघी एकाच घरात पाहुण्यांसारख्या राहत होतो, बेतानं बोलत होतो. नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे मध्ये पडून हसवणारंही कुणी नसायचं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून नीट समजावलं. डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला जागेवर दाबून धरील. पण त्यासाठी आठवडाभर पालथंच झोपायचं. उताणं झालं की बुडबुडा पुढे सरकणार आणि पडदा पुन्हा सुटणार.

"मग माझ्या हातात फारसं काही राहणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि इतक्यात घरी नेऊ नका. घाट चढलात की बुडबुडा फुगतो."

आमचं घर डोंगरावर. म्हणजे खाली, दवाखान्याच्या जवळपास खोली बघणं आलं. दर बघून माझे डोळे पांढरे झाले. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलीनं मला ती साइट दाखवली. तिथे खोलीचा भाव आपणच सांगायचा. भाग निवडायचा, दर्जा निवडायचा आणि बोली लावायची. पटली तर खोली आपली, पण हॉटेलचं नाव पैसे कापल्यावरच कळणार. आणि एकदा घेतली की परत करता येत नाही, बदलताही येत नाही.

सासूबाई खाटेवर पालथ्या. त्यांच्याशी बोलायचं तर मी जमिनीवर बसून मान वर करायची. तशीच बसून मी मोबाइल काढला.

"अर्धे सांग," वरून आवाज आला.

"आई, अर्ध्यात कोण देईल?"

"सांग तर! भाजीवाल्यापुढे लाजतेस तशी लाजू नकोस."

बोली फेटाळली. थोडे वाढवले, पुन्हा फेटाळली. सासूबाईंना भलताच चेव चढला. "इतके नको, जरा कमी... हां, आता टाक." मी आकडा टाकला. बोट बटणावर नेलं, आणि बोट टेकायच्या आत मोबाइलचा पडदा हिरवा झाला. अभिनंदन, खोली तुमची. मी दाबलं असेल बहुतेक. तेव्हा तरी मी तसंच समजले.

हॉटेल चांगलं निघालं. नवंकोरं, भिंतींच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. आमची खोली वरच्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला. मात्र दार उघडलं तेव्हा तिथे रंगाचा वास नव्हता. गरम इस्त्रीखालून नुकतंच काढलेल्या, खळ घातलेल्या कपड्याचा वास होता. मला तो ओळखीचा, त्यामुळे आवडला. सवयीनं मी पडद्याची कड उलटून पाहिली. हातशिलाई! बारीक, एकसारखी, डोळे फुटतील अशी. हॉटेलचे पडदे हल्ली कुणी हातानं शिवत नाही.

पलंगाच्या कडेबाहेर अर्धी काढलेल्या, मधोमध भोक असलेल्या उशीत तोंड घालून सासूबाई पडून राहायच्या. एका डोळ्यावर पट्टी, आणि अधू डोळ्याला जवळचंच काय ते दिसे, भोकातून जमिनीचा तेवढाच तुकडा. रात्री मी जागी राहायची. जरा कूस वळतेय असं वाटलं की हलकेच सावरायची. दिवसा औषधं, थेंब, जेवण, मानेला शेक. दोनच दिवसांत मला उभ्या उभ्या डुलक्या यायला लागल्या.

अशाच एका दुपारी मी न्हाणीघरातून टॉवेल पिळून आणला, तर त्या म्हणाल्या, "मोजे का काढलेस गं? गार लागेल."

"मी मोजे घातलेच नव्हते, आई."

"आत्ता तर होते. पांढरे. डाव्याला अंगठ्यापाशी रफू केलेलं... इथेच तर उभी होतीस किती वेळ."

माझ्या पायात रबरी चपला होत्या. मी खोलीभर नजर फिरवली. कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. दाराला आतून कडी होती.

"औषधाची गुंगी असेल," मी म्हणाले.

"असेल," त्या म्हणाल्या. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग आता माझ्या उशाशी कोण आलं?"

मी पलंगाच्या पायथ्याशी होते.

मी तशीच खाली काउंटरवर गेले. खोली बदलून द्या म्हटलं. काउंटरवरचा माणूस भला होता. त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं, मान हलवली. "बोलीवर घेतलेली खोली बदलता येत नाही हो, ताई. शिवाय सगळं भरलंय."

"त्या खोलीत आधी काही... कुणी..."

त्याला कळलं. तो हसला नाही. "इमारत नवी आहे. आधी इथे मोकळं मैदान होतं. कुणाचं काही झालेलं नाही, खरंच सांगतो."

त्यानं काहीतरी घडल्याचं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी वर पळाले. त्यांना एकटं सोडून आपण खाली आलोच कशा, हे मला जिन्यात सुचलं.

त्या तशाच पालथ्या होत्या, शांत. मानेखाली घडी घातलेला टॉवेल होता. तो मी ठेवलेला नव्हता.

कुठे जाणार होते मी? त्यांना उठवून, मान खाली ठेवून, गर्दीतून दुसरी खोली शोधत फिरवायचं? डोळा की भीती, असा सरळ सवाल होता. मी खुर्ची पलंगाशी ओढली आणि ठरवलं, आता पापणी मिटायची नाही.

आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा पडद्यांतून पिवळट उजेड येत होता. खोलीत इस्त्रीचा वास दाटला होता, कुणीतरी अगदी जवळ वाफ सोडावी तसा. पलंगावर सासूबाई झोपेत वळत होत्या. एक खांदा वर आला होता. अजून जरासं, आणि त्या उताण्या झाल्या असत्या. मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. हातपाय जागचे हलेनात.

त्या अर्ध्यावर थांबल्या.

वर आलेल्या खांद्यावर गाऊनचं कापड दबलं होतं. चार खळगे, ओळीनं, आणि एक जरा बाजूला. कापड मी रोज हाताळते. हात टेकला की ते कसं दबतं, हे मला कळतं. मग तो खांदा हळूहळू, लेकराला निजवावं तसा, खाली गेला. तोंड उशीच्या भोकावर बरोबर आलं. गाऊनची सुरकुती सुद्धा कुणीतरी ओढून सरळ केली.

"कोण...?" मी म्हणाले. तेही धड नाही.

सासूबाईंचा श्वास संथ चालला होता. तेव्हा मला काहीतरी उमगलं. कापडावरचा तो दाब धसमुसळा नव्हता. आजारी माणसाची खूप सेवा केलेला, थकलेला हात होता तो. रात्रभर जागल्यावर माझे हात पडायचे, तसाच.

मी उठले. टेबलाजवळची दुसरी खुर्ची पलंगाच्या त्या बाजूला नेऊन ठेवली.

"दमला असाल," मी म्हणाले. "बसा ना... आपण आळीपाळीनं बघू."

बराच वेळ काही झालं नाही. मग खुर्चीची गादी सावकाश दबली.

त्या रात्री मी गाढ झोपले, आणि पुढच्या रात्रीही. सकाळी तिघींपुरता चहा करून तिसरी कपबशी त्या खुर्चीजवळ ठेवायची. सासूबाई उशीतूनच म्हणायच्या, "बसल्यात. पाय जोडून बसतात गं, शाळेतल्या मुलीसारख्या." मग आम्ही हसायचो. भीती गेली नव्हती, पण तिच्यासोबत राहता येत होतं. त्या आठवड्यात सासूबाई माझ्याशी जितकं बोलल्या, तितकं लग्नापासून बोलल्या नव्हत्या.

आठवड्यानं डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली, डोळ्यात उजेड टाकून खूप वेळ पाहिलं. "अगदी छान बसलाय पडदा," त्या म्हणाल्या. "इतकं काटेकोर पालथं कुणी राहत नाही हो. कुणी घेतली एवढी काळजी?"

"दोघींनी," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना वाटलं, त्या स्वतःला धरून म्हणतायत.

बुडबुडा विरेपर्यंत खालीच राहिलो, माझ्या नणंदेच्या मैत्रिणीकडे; ती तोवर परगावाहून परतली होती. मग घाट चढून घरी आलो. नजर हळूहळू परतली. आता त्या पेपर वाचतात, सीरियलमधल्या सासवांना नावं ठेवतात, आणि सकाळी उंबऱ्यापाशी उन्हात पाय पसरून बसतात. माझ्या सगळ्या सुया ओवून ठेवतात. सुई ओवता येते याचा त्यांना इतका आनंद, की एखादी चुकून रिकामी राहिली तर रुसतात.

काल मी कापडाचा गठ्ठा घेऊन बाहेर निघाले. त्यांनी मला वाट द्यायला पाय आखडून घेतले. मी उंबरा ओलांडून अंगणात आले आणि सहज मागे वळून पाहिलं.

त्यांचे पाय अजून आखडलेलेच होते. नजर खाली, उंबऱ्यावर. ती नजर सावकाश आतून बाहेर सरकली, माझ्या दिशेनं. मग त्यांनी पाय पुन्हा पसरले आणि सुई उचलली.