लिटरभर पाणी प्या आणि बसा

"मॅरिड की अनमॅरिड?"

काउंटरवरच्या निशाने हे अख्ख्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं आणि माझं डोकंच फिरलं.

"अनमॅरिड," मी दातओठ खात म्हणाले.

"मग लिटरभर पाणी प्या आणि बसा. प्रेशर आलं की सांगा."

लग्न झालेल्या बायकांची सोनोग्राफी आतून करतात, त्यांना पाणी ढोसावं लागत नाही. आम्ही मात्र टम्म पोट घेऊन, गुडघे जुळवून बसायचं. लग्न न केल्याची शिक्षा घरी आई देतच होती, आता इथेही!

अर्ध्या तासात प्रेशर आलं. डॉक्टर मॅडम मात्र आल्या नव्हत्या, घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या. "मानपाड्याला आहेत, दहाच मिनिटं," निशा दर दहा मिनिटांनी सांगायची. कोपऱ्यातल्या कूलरचा नळ टप... टप... टप... गळत होता. माझा जीव मेटाकुटीला आला.

"पाय हलवू नका. वाढतं त्याने."

शेजारच्या खुर्चीत चौकड्यांच्या शर्टातला एक उंच मुलगा, हातात रिकामी बाटली घेऊन, माझ्याइतकंच वाकडं तोंड करून बसला होता.

"मी विचारलं का तुम्हाला?"

"नाही. पण बोललं की लक्ष दुसरीकडे जातं. किडनी स्टोन. खाली सरकून लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी अडकलाय, म्हणून मलाही टाकी फुल करायला सांगितलंय. मी धनेश. इथलाच, बाळकुमचा."

"ऋजुता. आणि माझं लक्ष कुठेही जात नाहीये!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हां गो आये, बसलोय... नाय गो, अजून नंबर नाय आला..." आईशी बोलताना त्याचा आवाज एकदम मऊ झाला. फोन ठेवून तो उठला, कमरेत वाकून कूलरपाशी गेला आणि खिशातला रुमाल नळाखाली पसरून आला. टपटप थांबली. मी मनातल्या मनात त्याला शंभर वेळा थँक्यू म्हटलं.

मॅडम आल्या. नंबर त्याचा होता. "आधी यांना घ्या," तो निशाला म्हणाला. मी धावत आत गेले आणि दोन मिनिटांत पाय आपटत बाहेर आले.

"झालं?"

"जास्तच भरलंय म्हणे! अर्धी करून या म्हणतात. अर्धी! मध्येच नळ बंद करायचा का मी?"

तो पोट धरून हसायला लागला. "हसवू नका ना... मेलो... खरंच मेलो..."

मलाही हसू आलं. मग दोघांचीही जी काय अवस्था झाली, ती न सांगितलेलीच बरी.

तासाभराने मात्र मी बाहेरच्या पायरीवर रिपोर्ट घेऊन बसले होते आणि हसू पार पळालं होतं. डाव्या ओव्हरीवर सहा सेंटीमीटरची सिस्ट. फोनवर माझ्या गायनॅक, डॉक्टर शुभदा म्हणाल्या, "दोन महिने थांबू. आपोआप लहान झाली तर उत्तम. नाहीतर ऑपरेशन. कदाचित ओव्हरीही काढावी लागेल."

धनेश शेजारी येऊन बसला. काय झालं, असं त्याने विचारलं नाही, म्हणूनच बहुतेक मी सगळं सांगून टाकलं. सिस्टचं आणि हितेशचंही. हितेशचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. आईने त्याच्या घरी सोनोग्राफीचं खरं खरं सांगितलं, तर त्याची आई म्हणाली, "रिपोर्ट आला की कळवा, मग बघू."

"आणि हितेश काय म्हणाला?"

"काहीच नाही."

धनेशने खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "नंबर देतेस? दोन महिने एकटीने वाट बघायला फार मोठे असतात."

त्या दोन महिन्यांत त्याने मला वैताग वैताग आणला. स्टोन पडला तेव्हा चक्क त्याचा फोटो पाठवला. शी! मी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी मीच फोन केला, कारण वागळे इस्टेटमधल्या माझ्या ऑफिसात डब्याला त्याच्यासारखं बडबडणारं कोणी नव्हतं. हे अर्थात त्याला सांगितलं नाही. भेटलो की भांडायचो. आणि घरी गेल्यावर मी ते भांडण आठवून हसायचे.

डिसेंबरात पुन्हा तीच खुर्ची. आईचा मेसेज: "हितेशच्या घरून फोन आला होता. नवा रिपोर्ट मिळाला की लगेच सांग." बाटली संपवून मी बसले, तर दारातून धनेश आला. हळूहळू, गुडघे जुळवत. हातात रिकामी बाटली.

"तुझा स्टोन तर पडला ना?"

"हो."

"मग अपॉइंटमेंट?"

"नाही."

"मग पाणी कशाला प्यायलास?"

"तू एकटीनेच का सोसायचं?"

"अरे, पण त्याने काय होणार आहे? वेडाबिडा आहेस का तू?"

"काही नाही होणार. पण तू जाऊन आलीस की मगच मी जाणार."

मला इतका राग आला, इतका राग आला... की डोळ्यांत पाणीच आलं.

"धनेश, मला भीती वाटतेय. मोठी झाली असेल तर?"

"तर ऑपरेशन. मी असेन. आई डबा देईल."

"आणि ओव्हरी काढली तर?"

"तर काढली. तू तीच ना?" त्याने बाटली खुर्चीवर ठेवली. "ऐक गो... एक सांगायचंय, आत्ताच. नंतर सांगितलं तर तुला वाटेल, रिपोर्ट बघून बोलला. मला तू आवडतेस. लग्न करायचंय तुझ्याशी. आत काय निघायचं ते निघू दे."

"बारा नंबर!" निशा ओरडली.

आत थंडगार जेल, पोटावर दाब आणि मॅडमचे स्क्रीनवर खिळलेले डोळे. मी छताकडे बघत फक्त त्याचं 'गो' आठवत होते. आईशी बोलतानाचाच आवाज होता तो.

"दोन सेंटीमीटर," मॅडम म्हणाल्या. "जातेय आपोआप. ऑपरेशन लागेल असं वाटत नाही. डॉक्टरांना दाखवा."

मी टॉयलेटला जाऊन बाहेर आले. तो भिंतीला टेकून, घामाघूम होऊन उभा होता.

"काय म्हणाल्या?"

"रिपोर्ट नंतर. आधी माझं उत्तर ऐक. हो."

"हो म्हणजे...?"

"हो म्हणजे हो, मूर्खा! करायचंय मलाही! जा आता, जा लवकर!"

तो जो धावला! मी त्याची बाटली मांडीवर घेऊन बसले आणि आईला मेसेज केला: "त्यांना काही कळवू नकोस. घरी येऊन सांगते. कोणाला तरी घेऊन येतेय."

"मॅडम, रिपोर्ट तयार आहे," निशाने पाकीट पुढे केलं.

"थांब जरा," मी म्हणाले. "तो आला की दोघं मिळून उघडतो."