नुसते ओठ

वाचनालयाच्या जिन्यात आवाज फार छान घुमतो, हे चिमणीला ठाऊक होतं. खालून कोणी वर येत असेल, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. गाण्याच्या तालमीला अजून अवकाश होता, इमारतीत चिटपाखरू नव्हतं, बाहेर पावसाची भुरभुर चालली होती... आणि ती मोकळ्या गळ्याने गात होती. वळणावर एक उंच माणूस दिसला, मांजराची पेटी छातीशी धरून उभा. तिचा स्वर मध्येच तुटला.

“थांबू नका ना,” तो म्हणाला. “ही दवाखान्यापासून ओरडत होती. आत्ता कुठे गप्प झाली.”

“मी... मी गात नव्हते.”

“बरं.” तो पेटीत वाकून म्हणाला, “ऐकलंस? आपल्याला भास झाला.”

तो जनावरांचा डॉक्टर. ग्रंथपालबाईंचं मांजर पोहोचवायला आला होता. पण पुढच्याच आठवड्यात तो तालमीलाही आला. गायकवृंद शिकवणाऱ्या बाईंना खर्जातल्या पुरुषांची कायमची टंचाई, त्यांनी त्याचा आवाज पारखला आणि त्याला बसवलं ते नेमकं चिमणीच्या मागे.

शहरातला हा वृंद तसा लहानसा, पण आसपासच्या गावांत त्याला मोठा मान होता. दर हिवाळ्यात सगळे बसने गावोगावी जायचे. तिथल्या हौशी मंडळींना बाई आधी जाऊन शिकवून यायच्या, आणि शेवटची गाणी वृंदाने आणि गावकऱ्यांनी मिळून गायची. कित्येक गावांत आता स्वतःचे वृंद होते, ते बाईंमुळेच. चिमणी दिवसा चष्म्याच्या दुकानात बसायची आणि संध्याकाळी आपल्या मावशीशेजारी, वरच्या ओळीत, म्हणजे उंच स्वर गाणाऱ्या तिघींत. किनऱ्या आवाजावरून तिला ‘चिमणी’ हे नाव मावशीनेच दिलेलं.

एका तालमीनंतर खुर्च्या आवरताना डॉक्टर हळूच म्हणाला, “एक विचारू? रागावणार नसाल तर.”

“रागावले तर?”

“तर मांजर पुढे करीन.” तो हसला, मग थांबला. “मी तुमच्या मागे बसतो. मावशींचा आवाज येतो, पलीकडच्या ताईंचा येतो. तुमचा... येतच नाही.”

तिची कानशिलं तापली. “सर्दी आहे.”

“इतकी लांबलेली सर्दी मी घोड्यातसुद्धा पाहिली नाही.”

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. खुर्ची हातात तशीच धरून तिने सांगून टाकलं. गेल्या हिवाळ्यात, एका गावात, भरल्या सभागृहात तिच्या एकटीच्या तुकड्यावर तिचा आवाज फाटला होता. पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली होती. तेव्हापासून माणसांसमोर ती गातच नव्हती. ती नुसते ओठ हलवायची.

“आणि त्या हसण्यापेक्षा वाईट काय, सांगू?” ती म्हणाली. “पुढच्या गावी एक आजी येऊन माझा हात धरून म्हणाल्या, तुमचा आवाज सगळ्यांत वेगळा ऐकू आला. मी ‘थँक्यू’ म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.”

त्याने तिच्या हातातली खुर्ची घेऊन भिंतीशी ठेवली. “मी इथे आलो तो जिन्यातल्या आवाजासाठी,” तो म्हणाला. “इथे येऊन बघतो तर तेवढाच गैरहजर. मी कोणाला सांगणार नाही. पण तुम्ही सांगा.”

तिने सांगितलं नाही. रोज ठरवायची, रोज बाईंचा थकलेला, समाधानी चेहरा पाहून शब्द गिळायची. डॉक्टरच्या नजरेला नजर द्यायचीही तिला चोरी झाली. तो मात्र रोज तिच्या खुर्चीला हलकेच हात लावून “नमस्कार” म्हणायचा... आणि त्या नमस्कारासाठी ती लवकर यायला लागली होती.

हिवाळ्यातला पहिला दौरा डोंगरातल्या गावाचा. बसमध्येच मावशीचा घसा बसला, आणि पलीकडच्या ताई तापाने घरीच राहिल्या होत्या. रंगमंचामागच्या खोलीत बाई म्हणाल्या, “काही हरकत नाही. चिमणी आहे ना.”

चिमणीने हातातली गाण्यांची वही मिटली. धरणीने पोटात घ्यावं, असं वाटलं.

“बाई, मी गात नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“नुसते ओठ हलवते. गेल्या हिवाळ्यापासून.”



“आणि टाळ्या?” बाईंनी विचारलं.

“घेतल्या.”

कोपऱ्यातून मावशीचा घोगरा आवाज आला, “मला वाटायचं, माझेच कान गेले. तपासून आले गं मी दोनदा.”

हे मात्र चिमणीला सोसलं नाही. तिने ओंजळीत तोंड लपवलं. कोणी जवळ आलं नाही. डॉक्टर उठला होता, पण तिने मान हलवली तसा तो जागीच थांबला.

बाई म्हणाल्या, “मी तुझ्यावर फार चिडले आहे. ते उद्या. आज ती ओळ रिकामी ठेवता येणार नाही. या गावातल्या बायका वर्षभर हीच ओळ शिकल्यात, त्या शेवटच्या गाण्यांना तुझ्या मागे उभ्या राहतील. त्याआधीचं तुझं तू.”

ती गायली. आवाज थरथरत होता, आणि उंच जागेवर तो पुन्हा घसरला. या वेळी ती थांबली नाही. घसरलेल्या स्वरावरूनच पुढे गेली, धापा टाकत, लाल होत. शेवटच्या गाण्यांना गावातल्या बायकांचा जाडाभरडा, भरदार आवाज पाठीशी आला, तेव्हा तिच्या खांद्यांवरचं ओझं जरासं हललं.

बाहेर पडताना एक आजोबा म्हणाले, “पोरी, मध्ये जरा घसरलीस.”

“हो,” ती म्हणाली. “घसरले खरी.” इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच श्रोत्याशी खरं बोलली होती.

परतताना बसमध्ये ती सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसली. मावशी डोळे मिटून पुढे. काचेवर धुकं. डॉक्टर दांड्याला धरत धरत तिथवर आला आणि उभाच राहिला.

“आज ऐकू आलात.”

“फाटलेलाच ना?”

“तुमचाच.” तो अडखळला. “मला तुम्ही... म्हणजे फक्त आवाज नाही... तुम्ही आवडता. आज खोलीत तुम्ही बोललात ना, तेव्हा तर फारच.”

“तेव्हा?” तिने वर पाहिलं. “मला अजून तोंड वर करवत नाहीये. मावशीशी कशी बोलू कळत नाही. आवडता तुम्हीही... कधीचे. पण ही लाज काही आज उतरायची नाही.”

“नाही उतरली तर बसू दे तिलाही,” तो म्हणाला. “बाक तिघांचा आहे.”

ती खिडकीकडे सरकली.