वचनांक

बार्शीतल्या मुलांना त्या वर्षी कानामागे मणी लावून हिंडायची सवय झाली होती. ज्वारीच्या दाण्याएवढा, कातडीच्याच रंगाचा मणी. त्याचे अधिकृत नाव 'श्रुतिका'. अमेरिकेतल्या निवडक महाविद्यालयांपैकी एखाद्यात ज्याला शिकायचे असेल, त्याने अर्जाआधीचे सबंध वर्ष ती काढायची नसे. झोपेत नाही, भांडणात नाही, आजारपणातही नाही. श्रुतिका दोनच गोष्टी टिपत असे: माणूस काय बोलला, आणि बोलल्यानंतर त्याने काय केले.

यामागची कल्पना साधी होती, आणि साध्या कल्पनांना असते तशी तिला एक निष्ठुर चमक होती. प्रवेशाचे निबंध यंत्रे लिहू लागल्यावर निबंधांची किंमत संपली. गुण सगळ्यांचेच सारखे, शिफारशी सगळ्यांच्याच गोड. अशा वेळी काही संशोधकांना आढळले, की माणसाच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज त्याच्या बुद्धीवरून येतो त्याहून अधिक नेमका एका गुणोत्तरावरून येतो. तो जे बोलतो, त्यातले त्याच्या हातून घडते किती? 'उद्या वाचून टाकते' म्हणणारी मुलगी उद्या खरोखर वाचते का? या गुणोत्तराचे मराठी नाव 'वचनांक'. वर्षभर कुणी नाटक करू शकत नाही, म्हणून त्यात लबाडीला जागा नव्हती. एका जागेसाठी हजारो सारखीच हुशार मुले दार ठोठावत असताना ही चाळणी महाविद्यालयांना वरदानासारखी वाटली.

तिकडच्या मुलांचा वचनांक सहसा नव्वदीत असे. मराठी मुलांचा साठीच्या पुढे क्वचितच जाई. का, ते कुणालाच कळत नव्हते. काही संस्कृतींत शब्दाचे आणि कृतीचे नाते थोडे सैल असते, असे तिकडच्या नियतकालिकांनी फार हळुवारपणे लिहिले होते. निशिगंधा कोरकेला राग आला तो त्या हळुवारपणाचा.

तिच्या वडिलांचे, अण्णांचे, चष्म्याचे दुकान होते. नवा चष्मा लावून बाहेर आलेला माणूस समोरच्या झाडाची पाने वेगवेगळी दिसल्यावर क्षणभर जसा गप्प होतो, ते गप्प होणे ती लहानपणापासून बघत आली होती. ज्यांना कुठलीच काच उपयोगी पडत नाही, त्यांना अण्णा किती अपराधी चेहऱ्याने परत पाठवत, तेही. डोळ्याच्या आतला पडदा पुन्हा वाढवण्याचे काम ज्या एका महाविद्यालयात चालले होते, तिथे तिला जायचे होते. तिचा वचनांक आला एकोणसाठ. प्रवेशाची शक्यता, शंभरात दोन.

ती पुण्याला गेली. श्रुतिका केंद्राच्या प्रमुख डॉ. यास्मिन तांबोळी मूळच्या करमाळ्याच्या. त्यांनी तिला समोर बसवले, पाणी दिले आणि ती आपली बाजू मांडू लागताच हाताने थांबवले.

"तू खोटारडी नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या ठाऊक असण्याला इथं किंमत नाही. ऐक, तुझंच तुला ऐकवते."

निशिगंधाला स्वतःचा आवाज ऐकू आला. अण्णा, नारळ वाढवते. पाठोपाठ दगडावर नारळ फुटल्याचा आवाज. पडद्यावर यंत्राची नोंद उमटली: मोठा करण्याचे बोलली, फोडला. मग तिचेच, दुकान वाढवू का आता. त्यामागून शटर खाली ओढल्याचा खडखडाट. नोंद: विस्ताराचा प्रस्ताव, नंतर बंद. तिला हसू आले. डॉक्टरही हसल्या. त्यानंतर मात्र एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला. येते. येते, अण्णा. येते गं. काकू, येते. शेकडो वेळा तो शब्द, आणि प्रत्येक वेळी त्याच्यामागे दूर जाणारी पावले. ते ऐकताना हसू केव्हा ओसरले, ते तिला कळले नाही.

"याला मराठी येत नाही का?" तिने विचारले.

डॉक्टरांनी सांगितले, की शब्दांचे अर्थ त्याला येतात. रीतिभाती मुद्दामच शिकवलेल्या नाहीत. त्या शिकवल्या तर प्रत्येक भाषा आपापली सवलत मागत येईल, आणि मग मोजायचे काय, हा प्रश्न उरेल.

त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढवते. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. घरातला तांदूळ संपला असे कुणी म्हणत नाही. उंबऱ्याशी उभी राहून ही भाषा नेहमी थोडे उलटे बोलते, कारण सरळ बोललेले खरे होईल अशी तिला भीती वाटते. शब्दाच्या बळावर इतका विश्वास असणारी माणसे यंत्राच्या लेखी बेभरवशाची ठरली होती.

उपाय होता. त्याला 'पुनर्श्रवण' म्हणत: महिनाभराचे दुसरे ऐकणे. त्या महिन्यात 'जाते' म्हणायचे, 'फोडते' म्हणायचे, घरच्यांनाही तसेच बोलायला लावायचे. बार्शीत आणि लातुरात याचे वर्ग निघाले होते आणि तिथली मुले ऐंशीच्या वर जात होती.

"सवयीचा भाग आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मीही घरातून निघताना 'आती मैं' म्हणायचे. आता 'जा रही हूं' म्हणते. सुरुवातीला अम्मी चिडायची. आता काही म्हणत नाही."

निशिगंधाने घरी येऊन हे सांगितले, आणि अण्णांनी तिला विचारल्याशिवायच सराव सुरू केला. त्या संध्याकाळी त्यांनी घसा खाकरून, शेजारच्या दुकानालाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, की आता मी दुकान बंद करतो. बाकावर बसलेले एक निवृत्त पोस्टमास्तर दचकून उभे राहिले.

"बंद करताय? अहो कोरके, मग आम्हाला काय आंधळं करून जाताय का? आणि माझ्या फ्रेमचे आगाऊ पैसे?"

दुसऱ्या दिवशी गावभर झाले, की कोरक्यांनी पोरीच्या अमेरिकेपायी दुकान फुंकले. मग चार दिवस अण्णा येणाऱ्या प्रत्येकाला समजावत होते, की बंद म्हणजे वाढवले, आणि वाढवले म्हणजे बंद. आणि ऐकणारे त्यांच्याकडे काळजीने बघत होते. निशिगंधाही त्या गमतीत सामील झाली. पण सकाळी कॉलेजला निघताना तिने उंबऱ्यावर थांबून तोंड उघडले, आणि तो नवा शब्द ओठांतून बाहेर येईना. त्या घरात 'गेली' हे क्रियापद आईसाठी राखून ठेवलेले होते. आई बारा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर त्या उंबऱ्यावरून कुणीही कुठेही गेले नव्हते. फक्त येत राहिले होते. अण्णा पाठमोरे होते आणि काच घासता घासता त्यांचा हात थांबला होता. तिच्या लक्षात आले, की तो शब्द ऐकायला ते अंग चोरून उभे आहेत.

ती काहीच न बोलता बाहेर पडली. तिला राग आला, आणि या वेळी तो त्या हळुवारपणाचा नव्हता, यंत्राचा होता.

आठवड्याने ती पुन्हा पुण्यात होती. पुनर्श्रवणाचा अर्ज तिने डॉक्टरांच्या टेबलावर कोराच ठेवला.

"मॅडम, तुमचं यंत्र वाट किती वेळ बघतं?"

"म्हणजे?"

"मी 'येते' म्हणाले. त्यानंतर ते माझी वाट किती वेळ बघतं?"

"एक तास. त्याला आम्ही प्रतीक्षाकाल म्हणतो. शब्द पाळला की मोडला, हे ठरवायला कुठंतरी थांबावंच लागतं."

"तासाभरात कोण येतं? कॉलेजला गेलेलं माणूस तासाभरात घरी येतं होय? मी संध्याकाळी आलेय. रोज आलेय. मी आले नाही असा एक दिवस दाखवा मला."

डॉक्टरांनी पडद्यावर तिच्या नोंदी उघडल्या.

"दुकानही सकाळी उघडलेलं असतं. वाढलंच की एका दिवसानं."

"आणि नारळ?"

"नारळाचं खोटं मांडा माझ्या नावावर. तेवढं मी सोसते. पण दुसरं ऐकणं मला नको. पहिलंच पुन्हा मोजा. माझं बोलणं नीट करायचं नाही, मॅडम. तुमचं थांबणं नीट करा."

डॉ. तांबोळी वैज्ञानिक होत्या, आणि चांगल्या वैज्ञानिकाला आपल्या उपकरणातली चूक दुसऱ्याने दाखवली की आधी अपमान वाटतो आणि मग झोप लागत नाही. एक तास हा आकडा कुणी ठरवला, हे त्यांनी शोधले. कुणीच ठरवला नव्हता. पहिल्या प्रयोगातली मुले वसतिगृहात राहत होती, आणि तिथे एका तासात सगळे परत येत. त्यांनी पत्रव्यवहार केला, वाद घातला, नोकरी पणाला लावली. अखेर मराठीपुरता प्रतीक्षाकाल अमर्याद करण्यात आला. शब्द पूर्ण होईपर्यंत यंत्राने वाट बघायची. निशिगंधाचा वचनांक सत्त्याण्णव झाला. उरलेले तीन नारळाचे, असे पोस्टमास्तर पेढा खाताना म्हणाले. तिला प्रवेश मिळाला. तिच्यामागोमाग गावातल्या इतरही मुलांचे आकडे चढले, आणि वर्ग ओस पडले.

मग निशिगंधा निघण्याच्या थोडे आधी डॉक्टर स्वतः बार्शीला आल्या. दुकानातल्या बाकावर बसून त्यांनी जे सांगितले, ते त्यांनाही सांगवत नव्हते.

मर्यादा काढल्यामुळे आता शब्द कधीच शिळा होत नव्हता. 'येते' हे नुसते बोलणे नसून पाळले जाणारे वचन आहे, हे निशिगंधानेच सिद्ध केले होते. महाविद्यालयाच्या कायदा विभागाने त्यातून सरळ निष्कर्ष काढला. विद्यार्थी घर सोडताना 'येतो' किंवा 'येते' म्हणाला आणि घरच्यांनी 'ये' म्हटले, तर वचन दिले गेले आणि घेतलेही गेले. शिक्षण संपल्यावर तिथेच राहून संशोधन करण्याची परवानगी अशा विद्यार्थ्याला मिळणार नाही, कारण ती देणे म्हणजे वचनभंगाला साहाय्य करणे. डोळ्याच्या पडद्याचे काम चार वर्षांत होणारे नव्हते. तिकडे पोचेपर्यंत श्रुतिका कानामागे राहणार होती. वर्गात जाऊन 'जाते' म्हणायला शिकलेल्या मुलांना असले कुठलेही बंधन नव्हते.

"निघताना एकदाच 'जाते' म्हण," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर काहीच बोलू नकोस."

"माझ्या घरातून मी तोंड शिवून निघू?"

"निशिगंधा, एका शब्दाचा प्रश्न आहे."

"तेच तर. मी येते म्हणणार. आणि मला हवं तितकं तिथं राहणार. त्या दोन्ही गोष्टी एका माणसात मावतात, हे त्यांना कळत नसेल तर मी तिथं जाऊन भांडेन. आजवर कुणी मला विचारलं नव्हतं, कधी येतेस म्हणून. आशा होती ती, मॅडम. तिची पावती कुणी मागत नव्हतं."

डॉक्टर म्हणाल्या, भांडून तू हरशील. तर्क त्यांच्या बाजूने आहे, आणि तो तूच त्यांना पुरवला आहेस. अण्णा एक काच उजेडात धरून तिच्यातला ओरखडा बघत होते. त्यांनी मध्ये डॉक्टरांना आणखी चहा हवा का, एवढेच विचारले.

निघायच्या सकाळी गाडी दारात उभी होती. गल्ली जमली होती. पण एरवी अशा वेळी जो गलका असतो तो नव्हता. मण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत झाली होती, आणि आपला एखादा शब्द पोरीच्या खात्यात जाऊन पडेल या धास्तीने बायका नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. इतके मुके प्रेम तिने कधी पाहिले नव्हते. पोस्टमास्तर ओठ घट्ट मिटून उभे होते.

तिने वाकून अण्णांच्या पायांना हात लावला, उठून उभी राहिली, आणि मण्याच्या ऐकण्यात चूक होऊ नये इतक्या स्पष्टपणे म्हणाली, "येते, अण्णा."

त्या शब्दाला आपल्याकडे एकच उत्तर आहे, एकाच अक्षराचे. ते विचार न करता दिले जाते. हातातले काम चालू असताना, कधी स्वयंपाकघरातून, कधी अर्धवट झोपेतून. तिने ते आयुष्यभर इतक्या सहज ऐकले होते, की ते ऐकल्याचे तिला आठवतही नव्हते.

अण्णांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना तिचा चेहरा दिसत नसे.

"जा," ते म्हणाले.

मागे कुणाच्या तरी तोंडून 'अहो कोरके' असे निघाले आणि तिथेच थांबले.

"अण्णा, ये म्हणा."

"जा, निशे."

"मी येणार आहे. तुम्ही काही म्हणा."

"ते तुझं तू बघ. मी जा म्हणालोय."

तिने थोडा वेळ वाट पाहिली. अण्णांनी चष्म्याच्या काड्या मिटून तो खिशात ठेवला, आणि हा हट्ट आपल्यात कुठून आला ते तिला त्या क्षणी कळले. ती रागाने वळली. गाडीचे दार लागले. वळणापर्यंत तिने मागे पाहिले नाही, आणि वळणानंतर पाहण्यासारखे काही नव्हते.

कानामागच्या मण्याने आपले काम केले. दिलेले वचन घेतले गेले नाही, म्हणून ते वचन नव्हते. मुलगी मोकळी होती. त्याखाली आणखी एक नोंद होती, तिच्यात कुठेही विसंगती नव्हती. त्या घरात बोललेले आणि घडलेले प्रथमच तंतोतंत जुळले होते. वडील जा म्हणाले, आणि ती गेली.