महिपतच्या टाकीतलं विष

"म्याडम, लवकर या! आज गावकी माझ्या नवऱ्याला वाळीत टाकतेय!"

साळूबाईचा फोन आला तेव्हा स्नेहल महाडच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचा तास संपवत होती. साळूबाईची लेक तिची विद्यार्थिनी. स्नेहलने तडक पोलादपूरवरची वाडी गाठली.

गावकीचा पुढारी महिपत नुसता तणतणत होता. देवीचा भंडारा झाला आणि त्याच्या गोबरगॅसची शेगडी पेटेना. शेताच्या बांधावरून साळूबाईच्या नवऱ्याशी, रामाशी, आधीच वाकडं. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!

"रामानं विष घातलाय. कॅन घेऊन टाकीपाशी फिरताना मी बघितला."

"गुरांना पानी नेत होतो रे!" रामा हात जोडून म्हणाला. वाळीत पडलं की मयताला खांदा द्यायलाही कोणी फिरकत नाही.

स्नेहल टाकीकडे गेली. गॅस साठवणारी लोखंडी टोपी चांगली वर तरंगत होती.

"गॅस तर भरलाय."

"हाय, पन पेटत नाय. उलट काडीच विझवतो," महिपत म्हणाला.

तिने वाकून वास घेतला. औषधाचा वास नाही, आंबूस भपकारा मात्र आला. पिशवीतला निळा लिटमस कागद टाकीतल्या शेणाच्या काल्यात बुडवला, तो लाल झाला. शेण कालवायच्या हौदाला शितं वाळून चिकटली होती.

"मैनावहिनी, भंडाऱ्याचा भात उरला होता?"

महिपतच्या बायकोने पदर तोंडाला लावला. "पातेली भरून उरला. देवीचा परसाद पायदळी कसा टाकायचा? गुरांना घातला तर पोटं फुगतात. ह्येच म्हनले, टाकीत वत."

महिपतचा चेहरा खर्रकन उतरला.

"विष असतं तर सगळेच जंतू मेले असते, टोपी खाली बसली असती," स्नेहल म्हणाली. "टाकीत जंतूंच्या दोन टोळ्या असतात. पहिली शेण-भात कुजवून आम्लं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करते. दुसरीला हवा सोसत नाही, आंबटही सोसत नाही. ती कार्बनला एकेक करत चार हायड्रोजन जोडते, की झाला मिथेन. तोच पेटतो. भातावर पहिली टोळी सुसाट सुटली, आम्ल साचलं, दुसरीने हात टेकले. टोपीत उरला तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड. महिपतराव, टाकी बिघडवली तुम्हीच."



"मंग आता?" महिपत पुटपुटला.

"भात बंद, थोडी चुन्याची निवळी आणि चालू टाकीतला काला, त्यात दुसरी टोळी जिवंत असते. दुसरी टाकी कोणाकडे आहे?"

सगळ्यांच्या माना रामाकडे वळल्या.

महिपत जागचा उठला. "रामा... घमेलाभर काला देशील?"

"देतो की. पन आरोप गावासमोर केलास, तो गावासमोरच मागं घे. काला मंग ने."