सोबत आणलेल्या वस्तू

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कंपनीच्या दवाखान्यातल्या काचेच्या कपाटातली सत्तेचाळिसावी वस्तू सुरक्षा विभागाच्या प्रमुख बाईंच्या हातात आली आणि मोजदाद थांबली.

वस्तू म्हणजे एक जुना स्टेथोस्कोप. काळी रबरी नळी, जागोजागी तडकलेली. धातूच्या गोल टोकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात ब्रशने काढलेला आकडा – ४७. आकडा तिच्याच हातचा होता, बावीस वर्षांपूर्वीचा.

छपाईची शाई बनवणारी ही कंपनी शुक्रवारी जुनी इमारत सोडून नव्या इमारतीत जाणार होती. त्याआधी प्रत्येक खुर्ची, पंखा, कुलूप यादीशी ताडून पाहायचं आणि निकामी असेल ते भंगारवाल्याला द्यायचं, हे काम तिच्या विभागाचं.

"चालू लिहू की बंद?" तिने नर्सबाईंना विचारलं.

"बंदच लिहा. हा चाललाय कधी? डॉक्टरांनी पेशंटच्या छातीला लावला की ढिम्म. पण चुकून लोखंडी कपाटाला टेकला ना, तर आतल्या उंदराची पावलं ऐकू यायची."

ती हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली. तिने गोल टोकाची कडा अंगठ्याने फिरवून पाहिली. गंजली होती, पण सुटली. आत प्लॅस्टिकचा पातळ पडदा असायला हवा होता. तिथे पितळेची चकती होती, आणि चकतीवर सुईने कोरलेली एवढीशी किल्ली.

"मॅडम, बसा जरा. पाणी आणू?"

"नको. सत्तेचाळीसपुढे आत्ता काही लिहू नका."

चकती पुन्हा झाकून ती खाली आपल्या खोलीत आली. खिडकीतून गेट नंबर दोन दिसत होतं. गेटला नवा रंग होता, गेटवरचे मामा मात्र तेच.

बावीस वर्षांपूर्वी ती चोवीस वर्षांची होती. सहायक सुरक्षा अधिकारी. नोकरी लागून अडीच महिने झालेले, सहा महिने पूर्ण झाल्यावर कायम करणार होते. गेटवरचे सगळे रक्षक तिच्याहून वयाने मोठे, आणि त्यांच्यावर ही 'छोट्या मॅडम'. म्हणून तिने नियम असे पाठ केले होते की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितले असते. त्यातला पहिला: आत येणाऱ्याने सोबत आणलेली प्रत्येक वस्तू रजिस्टरमध्ये लिहायची. लिहिली नाही, तर बाहेर जाताना ती कंपनीची समजायची – उलट सिद्ध होईपर्यंत.

त्या गुरुवारी फॉर्म्युल्यांची तिजोरी अडकली होती. शाईच्या सगळ्या पाककृती आतल्या चार वह्यांत, त्यामुळे यंत्रं बंद. अकरा वीसला एक तिजोरीवाला आत आला, तीन दहाला तिजोरी उघडून बाहेर निघाला. गेटवर तिने त्याची बॅग उघडायला लावली.

"स्क्रू-ड्रायव्हर सात, पकड एक, तेलाची बाटली एक. बरोबर. आणि हे?"

"हे माझं."

"रजिस्टरमध्ये नाही."

"येताना गळ्यात होतं. गळ्यातलं कोण लिहितं? तुम्ही तुमची चेन लिहिलीत?"

"मी इथे नोकरी करते."

"सकाळपासून मीही तेच करतोय, मॅडम."

मामांना एकदम खोकला आला. ते तोंड फिरवून बराच वेळ खोकत राहिले.

"आमच्या दवाखान्यातही असाच एक आहे," ती म्हणाली. "तुमचा कुठला, आमचा कुठला, कसं समजायचं?"

"कानाला लावून बघा की."

लावायचं काही कारण नव्हतं... पण तिने लावला. त्याने गोल टोक गेटच्या लोखंडी खांबाला टेकवलं. आणि लांबच्या यंत्राची घरघर, कुणीतरी शिडीवर टाकलेलं पाऊल, एका सैल बोल्टची थरथर – सगळं तिच्या कानात आलं.

"वडिलांनी आतला पडदा काढून पितळेची चकती बसवली, वर खूण म्हणून किल्ली कोरली," तो म्हणाला. "लोखंडाचं सगळं कळतं. माणसाच्या छातीतलं मात्र काही कळत नाही."

"सोयीचं आहे."

"कधी कधी फार गैरसोयीचं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. गेटवर उभ्या असलेल्या माणसाने पाहावं, त्यापेक्षा जरा जास्त वेळ. तिने मान खाली घालून पावती लिहिली: स्टेथोस्कोप एक, मालकी अनिश्चित, ताब्यात.

"पुरावा आणा आणि घेऊन जा."

"आणतो. गुरुवारी?"

"कधीही आणा."

"गुरुवारच बरा."

पुढच्या गुरुवारी तो एक फोटो घेऊन आला. दुकानाच्या उद्घाटनाचा. वडिलांच्या गळ्यात स्टेथोस्कोप.

"त्या दिवशी तीन पाहुणे त्यांना नाडी दाखवून गेले," तो म्हणाला.

"फोटोतला हाच कशावरून?"

"मॅडम, तुम्ही लग्नाच्या फोटोतसुद्धा विचाराल, नवरा हाच कशावरून."

"विचारेन. रजिस्टर बघितल्याशिवाय मान्य करणार नाही."

"मग मला आधीच नाव लिहून ठेवायला हवं..."

तिने फोटो परत दिला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: पुरावा अपुरा.

तिसऱ्या गुरुवारी त्याने धाकट्या बहिणीचं पत्र आणलं. 'सदर यंत्र लावून माझ्या भावाने लहानपणी मी लपवलेला खाऊचा पत्र्याचा डबा वारंवार शोधून काढला, याला मी साक्षीदार आहे.' खाली सही. ती हसली, पण पत्राने तोंड झाकून.

"एक सांगू?" तो म्हणाला. "तुम्ही फेरी मारायला निघता तेव्हा चाव्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरता. वाजू नये म्हणून. गेटवर डुलक्या घेणारे सापडावेत, म्हणून ना?"

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सगळ्यांच्या चाव्या ऐकू येतात, तुमच्याच येत नाहीत. म्हणून लक्ष गेलं."

घरी आईने वाढता वाढता सहज म्हटलं, "गुरुवारी तुझी वेणी जरा नीट असते."

"असेल."

"असेल नाही, असते."

चौथा गुरुवार आला. त्या आठवड्यात कंपनीतल्या प्रत्येक वस्तूवर रंगाने नंबर टाकायचं काम चाललं होतं आणि ब्रश तिच्या हातात होता. आदल्याच दिवशी तिच्या जोडीच्या सहायकाला काढून टाकलं होतं: एका पंख्याचा नंबर दुसऱ्या पंख्यावर टाकला, म्हणून. विभागाचे तेव्हाचे साहेब दारात उभे राहून म्हणाले होते, "जो नंबर चुकतो, तो उद्या तिजोरीही उघडी टाकेल. माझ्याकडे त्याला जागा नाही."

तिने दोन्ही स्टेथोस्कोप टेबलावर ठेवले. एकाच जातीचे, एकाच वयाचे. साहेबांसमोर दोन्हीची झाकणं उघडली, पितळेची चकती खात्री करून पाहिली, झाकणं परत लावली. मालकी सिद्ध. उरलेल्यावर नंबर टाकायचा आणि काम संपलं. तेवढ्यात तो समोरच्या खुर्चीवरून म्हणाला, "आता पुढच्या गुरुवारी मी कशासाठी यायचं, तेही नियमात कुठे लिहिलंय का?"

तिने वर पाहिलं. कितीतरी वेळ, असं तिला नंतर वाटलं. प्रत्यक्षात दोन-तीन सेकंद असतील. मग खाली पाहून तिने हाताशी आला त्यावर ४७ काढला आणि दुसरा त्याच्यापुढे सरकवला.

त्याने सवयीने तो कानाला लावला, गोल टोक लोखंडी टेबलाला टेकवलं आणि बोटाने टकटक केली. त्याचं बोट मध्येच थांबलं. त्याने ओल्या रंगाकडे पाहिलं. दारातल्या साहेबांकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"ठीक आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि रजिस्टरमध्ये सही केली.

तो पुढच्या गुरुवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ज्याची वस्तू त्याला परत मिळाली, त्याला परत यायचं कारण उरलं नाही, असा तिने निष्कर्ष काढला आणि नियमाप्रमाणे तो विषय बंद केला. कायम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला दोन वर्षांसाठी दुसऱ्या कारखान्यात पाठवलं. परत आली तेव्हा जुनी तिजोरी जाऊन बटणांची आली होती. स्थळं आली, गेली. आई गेली. वेणी जाऊन आखूड केस आले. गुरुवार तेवढा दर आठवड्याला येत राहिला.

मंगळवारी दुपारी बारा वाजता ती मॅनेजरसाहेबांसमोर बसली आणि झालेली गोष्ट चार वाक्यांत सांगितली.

"बावीस वर्षांपूर्वीची?" साहेब म्हणाले. "बाई, दवाखान्यातली भंगार नळी ती. सही करा, शुक्रवारी जाऊ दे."

"ती आपली नाही, साहेब. आपली बाहेर आहे. मी सही केली तर त्यांच्या वडिलांची वस्तू भंगारात जाईल."

"तिन्ही कारखान्यांच्या सुरक्षाप्रमुखपदाचं तुमचं पत्र माझ्या टेबलावर आहे. 'बावीस वर्षांत एकही विसंगती नाही' हे त्यातलं पहिलं वाक्य. तुमचा अहवाल आला, तर ते पत्र मला वर परत पाठवावं लागेल. मग काय होईल, माझ्या हातात नाही."

"मग पहिलं वाक्य बदलावं लागेल," ती म्हणाली.

अहवाल तिने हाताने लिहिला. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द: 'चूक माझी.'

मग तिने तळघरातून जुनं रजिस्टर आणवलं. दुकानाचा फोन नंबर होता. मधल्या काळात सगळ्या नंबरांपुढे लागलेला एक आकडा वाढवून तिने तो फिरवला. चौथ्या रिंगला एका बाईचा आवाज आला आणि तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तिजोरी अडकलीय का? दादा कामावर गेलाय, दोनला येईल."

दादा. ती खुर्चीत मागे टेकली.

"तिजोरी नाही. मी शाईच्या कंपनीतून बोलतेय, सुरक्षा विभाग. तुमच्या वडिलांचा स्टेथोस्कोप..."

पलीकडे चालू नळ बंद केल्याचा आवाज आला.

"छोट्या मॅडम का?"

"आता मोठी झालेय."

"खाऊच्या डब्याचं पत्र मीच लिहिलं होतं हो. वर तुम्ही शुद्धलेखन तपासलंत म्हणे."

"दोनच चुका होत्या," ती म्हणाली. मग जरा थांबून, "त्यांना... कधी कळलं? दुसराच घेऊन गेलेत ते?"

"कधी म्हणजे? तिथेच. घरी येऊन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, यातून तिजोरी ऐकू येत नाही, नुसती माझीच धडधड ऐकू येते."

"मग परत का नाही आले?"

"म्हणाला, बोललो तर एका मुलीची नोकरी जाईल. ती कायम होऊ दे, मग जातो. कॅलेंडरवर खुणा करत होता. गेला, तर तुम्ही दुसऱ्या कारखान्यात, आणि परत कधी येणार ते कोणी सांगेना. मी म्हटलं, साहेबांकडे देऊन ये. तर म्हणे, पावती ज्यांनी केली त्यांच्याच हातात देणार."

"आणि काम? त्याच्याशिवाय काम कसं केलं?"

"बोटांनी. तिजोरीवर बोटं टेकवून ऐकायला शिकला. सहा महिने हाल झाले, मग जमलं. आता अलीकडे बोटं तेवढी साथ देत नाहीत." पलीकडे भांड्याचा आवाज झाला. "घरी आम्ही दोघंच असतो. तुम्ही विचारलं नाहीत, मी आपलं सांगून ठेवलं."

बुधवारी काही घडलं नाही. पहाटे उठून तिने आरशात आखूड केसांकडे पाहिलं आणि इलाज नाही, अशी मान हलवली, एवढंच.

गुरुवारी अकरा वीसला मामांनी खालून फोन केला. "मॅडम, कोणीतरी आलंय. बॅग नाही. गळ्यात आहे ते मी या वेळी लिहून घेतलंय."

"पाठवा वर."

"पाठवत होतो. म्हणतात, वस्तू गेटवर अडली होती, गेटवरच घ्यायची."

त्याचा स्टेथोस्कोप घेऊन ती जिना उतरली. तो खांबाजवळ पाठमोरा उभा होता, कानांवरचे केस पांढरे झालेले, हात मागे बांधलेले. ती दहा पावलांवर आली तेव्हा तो न वळताच म्हणाला, "आज आवाज करत आलात."

तिने आपल्या हाताकडे पाहिलं. जुडगा मुठीत नव्हता. बोटाला लटकत होता, वाजत होता.

"आज कुणाला झोपलेलं पकडायचं नव्हतं," ती म्हणाली.

मग तो वळला. मामांना पुन्हा तोच जुना खोकला आला आणि ते गेटच्या पलीकडे जाऊन रस्ता बघू लागले.

उपलब्ध नोंद अशी. सत्तेचाळीस नंबर यादीतून कमी करण्यात आला. प्रमुखपदाचं पत्र वर गेलं आहे, अजून परत आलेलं नाही. गेट नंबर दोनच्या रजिस्टरमध्ये त्या तारखेला मामांच्या अक्षरात लिहिलं आहे – कोणाला भेटायचे: छोट्या मॅडम. सोबत आणलेल्या वस्तू: स्टेथोस्कोप एक, गळ्यात. आत येण्याची वेळ: अकरा वीस. शेवटचा रकाना बाहेर जाण्याच्या वेळेचा आहे. सहाला गेट बंद करताना मामांनी नियमाप्रमाणे पानाखाली सही केली, तेव्हा तो रकाना कोरा होता.