पाठीमागची गाठ

केडगावात पुणे रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, पत्र्याच्या एका खोलीत आरती शेंगदाण्याची चटणी करून विकायची. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. त्याच वर्षी साखर कारखान्याच्या लॅबमधली नोकरी सोडून तिनं हे सुरू केलं, त्याला सहा वर्षं झाली होती. हाताखाली एकटी निकिता.

परवान्यासाठी ॲप्रन सक्तीचा झाला. लॅबमधला तिचा पांढरा कोट ॲसिडनं केव्हाच विरून गेलेला. पारनेरला बनुआत्याकडं गेली असताना ट्रंकेत तिला एक जाड, कडक, गुडघ्याखाली येणारा ॲप्रन सापडला. आत्या नगरच्या एका दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात तीस वर्षं आया होती.

"आदी ह्यो सिस्टरचा हुता," आत्या म्हणाली. "जुना झाला तवा मला दिला. मग मी घरी लोणच्याला, लग्नातल्या सैपाकाला वापरला. आमची आय उसात जाताना साडीवर बापाचा सदरा घालायची, त्योच तिचा ॲप्रन."

"मी नेऊ?"

आत्यानं ॲप्रनच्या कडेवरून बोट फिरवलं. "ने. पर बंद लावू नको. पिना लाव."

पाठीमागचे बंद मुळाशी कापलेले होते. आरतीनं घरी येऊन पांढऱ्या पट्टीचे नवे बंद शिवले. पिना चटणीत पडल्या तर?

दुसऱ्या दिवशी तिनं ॲप्रन गळ्यात अडकवला आणि बंद धरायला हात मागं नेले. गाठ बसलेली होती.

"निकिता, मी बांधते गं."

निकिता समोर भट्टीपाशी होती. दोन्ही हातांत गरम कढई.

गाठ चपटी, नेटकी, टोकं आत खोचलेली. आरतीला तशी गाठ येतच नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं दार लावून घेतलं आणि पाठ भिंतीला टेकवली. भिंत गार होती. ती आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटांची पेरं मणक्यावर अलगद दाबली गेली.

ती ओरडली नाही. याचीच तिला नंतर लाज वाटली. सहा वर्षांत तिच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. रोज सकाळी ती ॲप्रन घालायची आणि डोळे मिटून उभी राहायची.

लॅबची सवय म्हणून ती गाठ पडते तिथं पेनानं खूण करायची. खुणा रोज बंदाच्या टोकाकडं सरकत होत्या. पुढं कापड सैल होत होतं. आधी मूठभर, मग दोन मुठी.

"ताई, पुढं एवढी जागा कशाला सोडता?" निकितानं विचारलं. दोनेक आठवड्यांनी तिनं पुन्हा विचारलं, "आणि अशा मागं रेलून का उभ्या राहता?"

आरतीनं पाहिलं. तिचा स्वतःचाच एक हात कमरेवर होता.

त्या दुपारी तिनं गाठ सोडायला घेतली. सुटेना. कात्री घेतली, तर हात मागं पुरेना.

"निकिता, जरा काप गं हे."

निकितानं कात्री बंदाजवळ नेली आणि झटकन मागं घेतली. "ताई, कुणीतरी माझा हात धरला." चपला तिथंच टाकून ती निघून गेली.

आरतीनं पारनेरला फोन केला. आत्या मिळेल त्या एसटीनं आली. आरतीनं कात्री पुढं केली.

आत्यानं ती घेतली आणि फळीवर ठेवून दिली. मोरीत जाऊन तिनं कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले, आरतीला स्टुलावर बसवलं.

"कितवा म्हैना?"

"सातवा," आरती म्हणाली. मग स्वतःचाच आवाज ऐकून तिनं तोंडावर हात दाबला.

आत्यानं ॲप्रनच्या त्या मोकळ्या जागेवर तळवा ठेवला. कापड दबलं नाही. तिनं वाकून कान लावला.

"मागल्या खेपेला पाय खाली हुतं, तवा मीच बंद कापलं. ह्या खेपेला," आत्या हळूच म्हणाली, "डोकं खाली हाय."