भाचीचा पेढा

माझ्या ताटात एक छोटासा निळा झेंडा खोचलेला होता. त्यावर डच भाषेत लिहिलं होतं – दूध वर्ज्य. समोरची खुर्ची कोणीतरी ओढतंय असं दिसताच मी तो उपटला आणि नॅपकिनखाली सरकवला.

“टेबलावरच्या चिठ्ठीत ‘पूर्णिमा दामले’ वाचलं,” मास्कवरचे डोळे हसले, “आणि ही खुर्ची मागूनच घेतली. मी निहार.”

२०२१चा ऑगस्ट. रॉटरडॅमहून निघालेली चार दिवसांची नदीतली क्रूझ. आदल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये रद्द झालेल्या तिकिटाची मुदत संपत आली होती, म्हणून मी टिलबर्गहून एकटीच आले होते. तो रॉटरडॅमजवळच्या कापेलचा, आयटीतला. त्याचंही तिकीट तसंच. आमच्यामध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पडदा होता आणि त्यावर पावसाचं हलतं प्रतिबिंब…

“तुम्ही काय करता?”

“प्रयोगशाळेत असते. पाण्याचे नमुने तपासते.”

“मग या नदीबद्दल काही सांगू नका. मला पोहायचंय.”

मी हसले. बऱ्याच महिन्यांनी, कोणासमोर तरी.

जेवण झाल्यावर त्यानं पडद्याखालून एक डबा सरकवला. “आईनं साताऱ्याहून पेढे पाठवलेत. वर्षभरातलं पहिलं पार्सल! मामा झालोय मी. ताई इथून जवळच, सीमेपलीकडे जर्मनीत, क्लेव्हला राहते. बाळ फार लवकर जन्मलं, चार महिने कोणालाच भेटू देत नव्हते. उद्या पहिल्यांदा बघणार – बोट थांबते त्या नायमेगेनच्या धक्क्यावर, मोकळ्या हवेत, दोन तास. घ्या, तोंड गोड करा.”

दुधाचा थेंबही माझ्या पोटाला चालत नाही. हे सांगायला तीन शब्द पुरतात. पण नाशिकला लग्नाच्या एका बैठकीत मी ते सांगितले होते, तेव्हा मुलाची आई माझ्या आईला म्हणाली होती, “म्हणजे मुलगी आजारीच की हो.” नमुना दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय मी कधी सही करत नाही. इथे मात्र एका पेढ्याला नाही म्हणता आलं नाही. वर तो म्हणाला, “आणखी एक?” आणि मी तोही खाल्ला.

पहाटेपासून पोटानं हिशोब चुकता केला.

सकाळी आरोग्याचा फॉर्म आला. ‘पोट बिघडलं आहे का?’ खोटं लिहिणं जमलं नाही. ‘हो’वर खूण केली. कारण लिहायची जागा होती. ती कोरी सोडली.

दहा मिनिटांत व्यवस्थापक बाई दारात. मी केबिनमध्येच थांबायचं, आणि माझ्या टेबलावर बसलेल्यानंही. दोघांचे स्वॅब जाणार, रिपोर्ट संध्याकाळी.

भिंतीपलीकडच्या केबिनमधून निहारचा आवाज आला. फोनवर.

“ताई, नाही उतरता येणार गं… नाही, मी ठणठणीत आहे. तू नको ना रडू. पुढच्या महिन्यात बघू…”

मी पलंगाच्या कडेवर बसून राहिले. बॅगेत डॉक्टरांचं पत्र होतं. ते दाखवलं की तो सुटणार होता, आणि मग त्याला सगळं कळणार होतं.

बोट धक्क्याला लागत होती. मी बाल्कनीत गेले. शेजारच्या बाल्कनीत तो कठड्याला टेकून उभा होता.

“निहार… मला कोविड नाहीये. मला दूध चालत नाही. ते… पेढ्यांमुळे झालंय. सकाळी लिहायला हवं होतं. मला लाज वाटली.”

तो कठड्यावरून माझ्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, “माझ्या आईच्या पेढ्यांवर आळ घेताय?”

“पुरावा आहे,” मी म्हणाले. “पत्र. आता देते त्यांना.”

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. दोघांची झटपट चाचणी घेतली, निगेटिव्ह आली. तोवर दोन तासांतला एक गेला होता. तो एक तास माझ्यामुळे गेला, हे मी आजही विसरलेले नाही.

वरच्या डेकवरून मी पाहिलं. ताईनं बाळाला दुपट्यासकट उंच धरलं. निहार काही पावलांवर थबकला, हात पुढे न करता… आणि मग नुसता डोळे पुसत राहिला.

बोट निघाली तेव्हा तो वर आला. मी वाल नदीकडे बघत होते. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

“सॉरी,” मी म्हणाले.

“मलाही एक कबूल करायचंय. पहाटे भिंतीतून ऐकू येत होतं. तुम्हाला त्रास होतोय, हे कळत होतं. दार वाजवावं असं वाटलं, पण एकट्या मुलीचं दार… लाजलो.”

माझे कान तापले. “सगळं ऐकलंत?”

“…बरंचसं.”

त्या क्षणी नदीत उडी मारावीशी वाटली. मी तोंड फिरवलं.

“पूर्णिमा,” तो दीड मीटरवरून म्हणाला, “तरीसुद्धा नाश्त्याला तुमचीच वाट बघत होतो.”